वाचकांचे प्रश्न : हरताळ नेमका कशावर फासतात?

प्रश्न : गेल्या महिन्यात आमच्या घरी एका बातमीच्या मथळ्यावरून बराच वाद झाला. 'व्यापाऱ्यांनीच फासला बंदला हरताळ' असा तो मथळा होता. माझ्या मुलाचे म्हणणे असे, की हरताळ म्हणजे दुकाने बंद ठेवणे. मग ज्यांनी दुकाने उघडी ठेवली त्यांनी 'हरताळ फासला' असे लिहिणे उलटेच झाले. माझे वडील शाळेत मराठी शिकवत असत. हरताळ म्हणजे हस्तलिखित पोथीतली चूक झाकण्याचा पिवळा रंग, असे ते सांगत. त्यांचे म्हणणे खरे मानले तर आणखी एक कोडे पडते. ज्या वस्तूने चूक दुरुस्त होते तिच्यावरून 'नियमांना हरताळ फासणे' असा वाईट अर्थ कसा निघाला? — एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : आपले वडील सांगत ते बरोबर आहे. आपल्या मुलाला ठाऊक असलेला हरताळही मराठीतला खराच शब्द आहे, पण तो दुसरा शब्द आहे. दोन निराळ्या वाटांनी आलेले दोन शब्द मराठीत येऊन उच्चाराने आणि लेखनाने एकसारखे झाले. त्यांतला एक रोजच्या वापरात राहिला आणि दुसरा जवळजवळ एका वाक्प्रचारापुरताच उरला, त्यामुळे पहिल्याचा अर्थ दुसऱ्याला चिकटवण्याचा मोह होतो.

बंदचा हरताळ आधी पाहू, कारण त्याची हकीकत थोडक्यात सांगता येते. 'हट्ट' म्हणजे दुकान किंवा बाजार. आपला 'हाट' त्यातूनच आला. 'ताल' म्हणजे कुलूप. हिंदीतला 'ताला' आणि मराठीतले 'टाळे' ही त्याच कुळातली. बाजाराला टाळे लावण्याच्या या क्रियेला हिंदीत 'हडताल' आणि गुजरातीत 'हडताळ' म्हणतात, आणि मराठीत 'ड'चा 'र' होऊन 'हरताळ' झाला. १९१९ साली रौलट कायद्याच्या निषेधार्थ महात्मा गांधींनी देशभर हरताळ पाळण्याची हाक दिली आणि ६ एप्रिल रोजी तो पाळला गेला. तेव्हापासून राजकीय भाषेत या शब्दाचे स्थान पक्के झाले. कामगार काम थांबवतात तो संप आणि दुकानदार दुकाने मिटतात तो हरताळ, हा भेद काळजीपूर्वक लिहिणारे आजही पाळतात. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते क्रियापद आहे. हा हरताळ 'पाळला' जातो, तो कधीही 'फासला' जात नाही.

जो फासला जातो तो हरताळ म्हणजे जमिनीत सापडणारे एक पिवळे खनिज आहे. संस्कृतात त्याला 'हरिताल' म्हणतात. मधला 'इ' गळून गेला आणि शेवटच्या 'ल'चा 'ळ' झाला, जसे कमलचे कमळ आणि फलचे फळ झाले. 'हरि' या शब्दाच्या अनेक अर्थांत पिवळा, पिंगट हाही एक अर्थ आहे, हे येथे ध्यानात घ्यावे. अमरकोशात या पदार्थाला पिंजर, पीतन, ताल आणि आल अशीही नावे दिली आहेत, आणि त्यांतल्या पहिल्या दोन नावांत पुन्हा पिवळेपणाच आहे. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो आर्सेनिक आणि गंधक यांचा संयोग असून त्यात आर्सेनिकच्या दोन अणूंमागे गंधकाचे तीन अणू असतात. चांगल्या हरताळाचे अभ्रकासारखे पापुद्रे सुटतात आणि त्यांना सोन्याची झाक असते. आयुर्वेदातील रसशास्त्र अशा पापुद्र्यांच्या हरताळाला पत्रताल आणि ढेकळासारख्या हरताळाला पिंडताल म्हणते. त्याचे लॅटिन नावही 'सोन्याचा रंग' अशाच अर्थाचे आहे. तो विषारी आहे. पोथीच्या कागदाला तो लावला की किडीचा उपद्रव कमी होतो, म्हणून नेपाळातील कित्येक पोथ्यांचे कागदच हरताळाने पिवळे केलेले आढळतात.

हा पदार्थ मुळात अशुभ मानला जात असे अशी समजूत कोणी करून घेऊ नये. कुमारसंभवाच्या सातव्या सर्गात पार्वतीच्या लग्नाच्या दिवशी तिची आई मेना ओला हरताळ आणि मनःशिला, म्हणजे आपला मनशीळ हे तांबडे खनिज, बोटांवर घेते, मुलीचा चेहरा वर उचलते आणि तिच्या कपाळी विवाहाचा टिळा लावते. कालिदासाने तेथे हरताळाला मंगल असेच म्हटले आहे. वाक्प्रचारातला वाईट अर्थ त्या पदार्थाकडून आलेला नाही, तो वापराकडून आलेला आहे, आणि तो वापर समजण्यासाठी पोथीच्या पानाकडे जावे लागते.

आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांचा कागद हाताने केलेला असे. दौलताबादी आणि जुन्नरी कागद नावाजलेले होते, आणि आपल्या कसबा पेठेतील कागदीपुरा हे नावही या व्यवसायाचीच खूण आहे. तयार झालेल्या कागदाला खळ लावीत आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडाने तो घोटीत. त्यामुळे कागदाची छिद्रे बुजत आणि बोरूने लिहिलेली शाई पसरत नसे. ती शाई काजळ आणि डिंक यांची असल्यामुळे कागदात फारशी मुरत नाही, वरच बसते, आणि म्हणून आजही काळीभोर दिसते. आता अशा कागदावर एक अक्षर चुकले, तर लेखकाने काय करावे? ते खरवडले तर खळीचा थर निघून जातो, कागद उघडा पडतो आणि त्या जागी पुन्हा लिहिलेली शाई फुटते. ओल्या फडक्याने पुसले तर काळा डाग पसरतो. रेघ मारून खोडले तर पान विद्रूप होते. आणि पानाच्या देखणेपणाची त्या काळी किती काळजी घेतली जाई ते दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास वाचला की कळते. सबंध ग्रंथ 'येका टांकेंचि लिहिलें ऐसें वाटे', ही तेथील अपेक्षा आहे. मग उरला तो एकच उपाय. हरताळ खलात बारीक घोटायचा, डिंकाच्या पाण्यात कालवायचा आणि चुकलेल्या अक्षरावर त्याचा हात द्यायचा. कागद पिवळसर असल्यामुळे पिवळा लेप त्यात मिसळून जातो, आणि लेप वाळला की त्यावर नवे अक्षर लिहिता येते. आपल्या पांढऱ्या कागदावर व्हाइटनर जे काम करतो तेच हे काम होते.

आमच्या घरी रुमालात बांधलेली शिवलीलामृताची एक हस्तलिखित पोथी आहे. तिच्या एका पानावर लागोपाठच्या दोन ओव्या एकाच शब्दाने सुरू होतात. लिहिणाऱ्याची नजर मूळ प्रतीवरून आपल्या कागदाकडे आणि कागदावरून परत प्रतीकडे जाताना त्या शब्दापाशी फसली, आणि पहिल्या ओवीचे दीड चरण त्याने दुसऱ्यांदा लिहिले. चूक ध्यानात आल्यावर त्याने त्या दीड चरणांवर हरताळ लावला. पान सरळ धरले तर तेथे मोहरीच्या फुलांच्या रंगाची एक आडवी पट्टी दिसते, तिच्या कडा ओळीच्या वरखाली कोठेही गेलेल्या नाहीत, आणि वरच्या वेलांटीपाशी ब्रश किंचित वळवून घेतल्याचे समजते. पान खिडकीच्या उजेडाकडे तिरपे केले की त्या पट्टीत बारीक कण चमकतात आणि खालची काळी अक्षरे एकेक करून वाचता येतात. दोन ठिकाणी लेपाचा पापुद्रा उडाला आहे आणि तेथे मूळचे अक्षर जसेच्या तसे उभे आहे. मला या वाक्प्रचाराचा अर्थ शब्दकोशाच्या आधी त्या पानाने शिकवला.

हरताळाखालचे अक्षर वाचता येते ही गोष्ट संशोधकांच्या दृष्टीने फार मोलाची ठरली आहे. पोथी लिहून झाली की लेखक स्वतः किंवा एखादा जाणकार तिचे 'शोधन' करी. लेखकाची भूमिका पुष्कळ पोथ्यांच्या शेवटी येणाऱ्या श्लोकात सांगितलेली असते : 'यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया', म्हणजे जसे पुस्तक पाहिले तसे मी लिहिले. शोधकाची भूमिका मात्र निराळी असे. समोरचे वाक्य त्याला अशुद्ध वाटले, तर ते शुद्ध करणे हे तो आपले कर्तव्य मानी. आता जुन्या ग्रंथांत, विशेषतः महाभारतासारख्या आर्ष, म्हणजे ऋषींनी रचलेल्या मानलेल्या, ग्रंथात, पाणिनीच्या नियमांत न बसणारी रूपे मुळातच असतात. विद्वान शोधक त्यांना चुका समजे, त्यांवर हरताळ लावी आणि वर नियमाला धरून असलेले सोपे रूप लिही. पान सुंदर होई, व्याकरणही शुद्ध होई, पण ग्रंथकाराचा शब्द झाकला जाई.

पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ साली पूर्ण झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ पासून या कामाचे प्रमुख संपादक होते, आणि पाठनिश्चितीची, म्हणजे पोथ्यापोथ्यांत वेगळा आढळणारा मजकूर (पाठ) ताडून मूळचा कोणता ते ठरवण्याची, पद्धत त्यांनी घालून दिली. दोन पाठांपैकी एक अवघड आणि एक सोपा असेल, तर सामान्यतः अवघड पाठ जुना मानावा, हे त्या पद्धतीतले एक महत्त्वाचे सूत्र आहे, कारण नकलून घेणारा माणूस अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करीत नाही. या आवृत्तीच्या तळटिपा उघडून पाहाव्यात. एखाद्या पोथीत दुरुस्तीपूर्वी काय होते, दुरुस्तीनंतर काय झाले आणि पानाच्या कडेच्या समासात काय लिहिले आहे, याच्या वेगवेगळ्या नोंदी तेथे आढळतात. म्हणजे एकाने झाकलेले अक्षर दुसऱ्याने कित्येक वर्षांनी वाचून पुन्हा नोंदवले. पाठचिकित्सेच्या या कामाबद्दल मला अतिशय आदर आहे, आणि पुण्यात राहून ते ग्रंथ एकदाही न उघडणाऱ्या मराठीच्या विद्यार्थ्यांबद्दल वाईट वाटते.

आता आपल्या दुसऱ्या कोड्याकडे येतो. दुरुस्तीचे साधन असलेला हरताळ वाक्प्रचारात वाईट का झाला? 'चुकीला हरताळ फासला' असे आज कोणीही म्हणत नाही, हे आधी पाहावे. ज्याला हरताळ फासला जातो ते नेहमी चांगलेच असते : नियम, तत्त्व, वचन, करार, वडिलांची शिकवण, लोकशाहीचे संकेत. लिहिलेले अक्षर दिसेनासे करणे एवढाच भाग लेखनाच्या जगातून बाहेरच्या जगात आला, आणि ते अक्षर चुकीचे होते हा भाग तेथेच राहिला. बाहेरच्या माणसाने पान पाहिले तेव्हा त्याला काय दिसले? काहीतरी लिहिलेले होते आणि ते आता नाही. लिहून दिलेला शब्द अशा रीतीने झाकणे म्हणजे तो रद्द करणे, आणि दिलेला शब्द रद्द करणे म्हणजे विश्वासघात. अर्थ या पायऱ्यांनी उतरत गेला असावा असे मला वाटते.

त्यात क्रियापदाचा हात मोठा आहे. मराठीत गंध लावतात, कुंकू लावतात, अत्तर लावतात. फासतात ते काळे, फासतात ती राख, आणि दगडाला फासतात तो शेंदूर. 'फासणे' या क्रियापदात जाड हाताने, काही न बघता माखण्याचा भाव आहे. मी वर वर्णन केलेल्या पोथीतल्या लेखकाने हरताळ फासलेला नाही, त्याने तो लावला आहे. त्याच्या पट्टीची कड ओळीला सोडून गेलेली नाही. वाक्प्रचाराने पदार्थ पोथीचा घेतला आणि क्रियापद मात्र तोंडाला काळे फासणाऱ्याचे घेतले, आणि या जोडीनेच त्या शब्दप्रयोगाला आजची धार आली. शुद्ध पाठावर हात चालवणाऱ्या अतिउत्साही शोधकाची आठवण ठेवली, तर हा वाईट अर्थ अगदीच निराधार नाही, असेही मला म्हणावेसे वाटते.

लेखन पुसण्याखोडण्यावरून आलेले दुसरे प्रयोग याच्या शेजारी ठेवून पाहिले म्हणजे अर्थाच्या छटा स्पष्ट होतात. मुद्दा किंवा आरोप 'खोडून काढतात'. येथे खोडणाऱ्याची बाजू योग्य असू शकते आणि बहुधा असते. केलेल्या कामावर 'बोळा फिरवतात', तेव्हा ते काम पार पुसले जाते आणि मागे काही राहत नाही. हरताळाचे तसे नाही. नियमांना हरताळ फासला असे म्हणताना नियम अस्तित्वात आहेत, कागदावर ते अजून तसेच आहेत, फक्त कोणीतरी त्यांना दिसेनासे केले आहे, असे बोलणाऱ्याच्या मनात असते. लेपाखालचे अक्षर शाबूत राहते हे पोथीतले सत्य वाक्प्रचाराने नकळत जपले आहे. म्हणून 'इमारतीला हरताळ फासला' किंवा 'पिकाला हरताळ फासला' असे लिहिणे चुकीचे आहे. जे लिहिलेले, ठरलेले किंवा वचन म्हणून दिलेले आहे, त्यालाच हरताळ फासता येतो.

या कसोटीला आपण पाठवलेला मथळा उतरतो. बंद पाळायचा असे ठरले होते. व्यापाऱ्यांनी दुकाने उघडी ठेवून ते ठरलेले धुडकावले. तेव्हा बंदला हरताळ फासला हे वाक्य व्याकरणाने आणि अर्थाने बरोबर आहे. तरीही उपसंपादक म्हणून मी ते छापले नसते. जेथे बंदचा विषय चालू आहे तेथे हरताळ हा शब्द वाचताच दुसऱ्या हरताळाची आठवण होणार, हे उघड आहे, आणि आपल्या मुलाला झाली तशी ती झाली. 'व्यापाऱ्यांनीच बंद धुडकावला' एवढे पुरे होते.

प्रश्न : 'हरतालिका' या व्रताच्या नावाचा हरताळाशी संबंध आहे का? — एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : परंपरेने दिलेली फोड तशी नाही. व्रतकथेत 'आलिभिर्हरिता' असे म्हटले आहे. आली म्हणजे सखी. सख्यांनी जिला हरण करून नेले ती हरितालिका. पार्वतीच्या मनाविरुद्ध तिचे लग्न ठरू लागले तेव्हा मैत्रिणींनी तिला अरण्यात नेले, या कथेवरून ते नाव सांगितले जाते. संस्कृतात 'हृता' असे रूप अपेक्षित असताना 'हरिता' का, हा प्रश्न वैयाकरणाला पडेल. पण पिवळ्या खनिजाचा या कथेत कोठेही उल्लेख नाही.

प्रश्न : मी नारायण पेठेतील एका छापखान्यात मुद्रितशोधनाचे काम करते. राहिलेले अक्षर घालण्याच्या खुणेला आम्ही 'हंसपद' म्हणतो. एका जुन्या लेखात त्यालाच 'काकपद' म्हटलेले पाहिले. बरोबर कोणते? — एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही नावे बरोबर आणि दोन्ही जुनी आहेत. पक्ष्याच्या पावलाच्या ठशासारखा तिरप्या रेघांचा जो आकार ओळीत काढतात त्याला कोणी हंसाचे पाऊल म्हटले, कोणी कावळ्याचे. मराठीत हंसपद रूढ झाले आहे, तेव्हा तेच वापरावे. संगणकाच्या कळफलकावरील याच खुणेला इंग्रजीत कॅरेट म्हणतात. तो मूळचा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ 'येथे उणे आहे' असा आहे. त्यांनी खुणेचे नाव तिच्या कामावरून ठेवले, आपण रूपावरून. पोथीत राहिलेला मजकूर लांब असेल तर तो समासात लिहीत आणि त्याच्या शेवटी ओळीचा आकडा देत, म्हणजे पाचव्या ओळीतला मजकूर असेल तर ५. वाचणाऱ्याने ओळी मोजत पाचव्या ओळीवर जायचे आणि तेथले हंसपद शोधायचे. आपण आज प्रुफावर अक्षर समासात लिहून ओळीत फक्त खूण करता, ती रीत त्यापेक्षा वेगळी नाही. आकडा मात्र आपल्याला लागत नाही, कारण आपली दुरुस्ती त्याच ओळीच्या समोर असते.